फुल्यांनी नको म्हटलेली मंडई

२८ नोव्हेंबरला, जोतीरावांच्या स्मृतिदिनी, पुण्यात होतो. सकाळी गंज पेठेतल्या फुलेवाड्यावर अभिवादन केलं. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला करणाऱ्या माणसाचं हे घर. तिथं दरवेळी थोडं जास्तच थांबतो. गाडी रात्रीची होती, दिवस मोकळा होता. म्हटलं, त्यांच्या नावाची मंडई आजवर नीट बघितलेली नाही, बघून येऊ.

रिक्षावाल्याला म्हटलं, "महात्मा फुले मंडई." त्याने आरशातून बघितलं. "मंडई म्हणा की!"

त्याचा काही दोष नाही. सगळं पुणं मंडईच म्हणतं. मुंबईतही तेच. तिथल्या मोठ्या मार्केटला जोतीरावांचं नाव देऊन किती वर्षं झाली, पण टॅक्सीवाल्यापासून आपल्या कार्यकर्त्यांपर्यंत सगळे 'क्रॉफर्ड मार्केट'च म्हणतात. हा ऑर्थर क्रॉफर्ड म्हणजे मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. १८८८ मध्ये त्याच्यावर लाचखोरीचे आरोप होऊन मोठी चौकशी झाली होती. त्याच वर्षी मुंबईत जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी मिळाली. लोकांच्या जिभेवर कोण राहिलं ते बघा.

मंडई बाहेरून किल्ल्यासारखी दिसते. काळ्या दगडाची इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्यातून आठ बाजूंना गेलेल्या सोप्यांसारख्या ओळी. आत गेलं की डोळे अंधाराला सरावायला जरा वेळ लागतो. मग दिसतात ते उंच ओटे. भाजीवाली बाई आपल्या डोक्याच्या वर बसलेली असते, भोवती वांगी, गाजरं, हिरव्या मिरच्यांचे ढीग रचलेले, आणि आपण खाली पिशवी धरून मान वर करून भाव विचारतो. जुनी पुणेकर मंडळी या वास्तूवर फार प्रेमाने लिहितात. कोथिंबिरीचा वास, मंडईचा शारदा-गणपती, इथल्या बायकांच्या तोंडाची धार, सगळं येतं त्यात. एक गोष्ट मात्र बहुतेक वेळा राहून जाते.

ही मंडई बांधायला जोतीरावांचा विरोध होता.

१८७६ पासून ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. पुण्याची भाजीमंडई तेव्हा शनिवारवाड्यापुढच्या उघड्या मैदानावर भरायची. नवी इमारत बांधायचा प्रस्ताव आला, खर्च अडीच-तीन लाखांच्या घरातला. जोतीरावांचं म्हणणं असं की हा पैसा शिक्षणावर घाला. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचे ठरले, तेव्हाही या एकट्या माणसाने विरोधात मत दिलं होतं, आणि कारण हेच, शिक्षण. मंडईच्या वेळीही ऐकलं कुणी नाही. ५ ऑक्टोबर १८८६ ला उद्घाटन झालं आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून नाव पडलं 'रे मार्केट'.

आता कुणी म्हणेल, बाजाराला विरोध करणाऱ्याला बाजारातलं काय कळतं? कळत होतं, चांगलंच कळत होतं. घरचा धंदाच फुलांचा आणि भाजीपाल्याचा. पोरवयात शाळा सोडवून बापाने त्यांना मळ्यात कामाला लावलं होतं. मंडई बांधून होत होती त्याच काळात, १८८३ मध्ये, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. भाजी पिकवणाऱ्याच्या अंगावर धडकं का नाही, हा प्रश्न त्या पुस्तकात आहे. विक्रीला छप्पर असू नये असं त्यांना वाटत असेल, हे मला पटत नाही. शहराच्या तिजोरीत पैसा आला की आधी काय उभं राहतं आणि कोणाला थांबायला सांगितलं जातं, एवढंच ते विचारत होते. मंडईपासून पाच-सात मिनिटांवर भिडेवाड्याची जागा आहे. १८४८ मध्ये जिथे मुलींची शाळा सुरू झाली, तो वाडा पडझडीत उभा होता, आणि स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरात पाडला गेला तेव्हा तिथं पाडण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं. मंडईचा दगड मात्र जागचा हललेला नाही.

आवारातच टिळकांचा पुतळा आहे. १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंनी त्याचं अनावरण केलं. दुसऱ्याच वर्षी जोतीरावांचा पुतळा उभारावा असा प्रस्ताव नगरपालिकेत आला, तेव्हा ब्राह्मण पुढाऱ्यांनी तो होऊ दिला नाही. त्याच रागातून दिनकरराव जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' आलं. खटला झाला, जवळकर-जेधे मंडळींना शिक्षा झाली, आणि १९२६ मध्ये अपिलात त्यांना सोडवून आणणारे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुतळा नाकारणाऱ्या त्याच शहरात पुढे आचार्य अत्र्यांनी नगरपालिकेत असताना रे मार्केटला फुल्यांचं नाव दिलं. अत्र्यांचं हे काम मोठंच. पण नाव लागलं आणि मुद्दा बुजला, असंही झालं. ज्याने 'इथे पैसा घालू नका' म्हटलं, त्याचंच नाव भिंतीवर. मग त्याचं भाषण कोण उकरणार?

हे सगळं डोक्यात घोळत असताना एका ओट्यापुढे थांबलो. तुरीच्या हिरव्या शेंगा होत्या. मावशी साठीच्या पुढच्या असाव्यात. ओटा सासूचा, सासू 'रे मार्केट'च म्हणायची, असं त्यांनी सांगितलं. मग अभिमानाने म्हणाल्या, "फुले म्हंजे आमच्यातलेच. भाजीवाले."

मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, ही मंडई बांधू नका म्हणत होते ते."

त्या खळखळून हसल्या. "बरं झालं मग, कुणी ऐकलं न्हाई त्यांचं! आम्ही कुठं बसलो असतो, उन्हात?"

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. शिबिरात टाळ्या घेणारा मुद्दा ओट्यावरच्या बाईने एका वाक्यात मोडला होता. तिच्या तीन पिढ्या या छपराखाली जगल्या, हे खरंच आहे.

पण मला आठवली ती माझी आई. आमच्या गावच्या आठवडी बाजारात आजी सरपणाची मोळी आणि गवताचा भारा विकायची. ते चालायचं, कारण ते कुणाच्या ताटात जात नव्हतं. आईने वाट्याच्या रानात मेथी-कोथिंबीर केली, तेव्हा ती गावच्या बाजारात पोतं अंथरून एकदाच बसली. गावच्या बाया समोरून जायच्या, जुडी हातात घ्यायच्या, चेहरा बघायच्या आणि ठेवून द्यायच्या. पुढच्या आठवड्यापासून ती पहाटे उठून दोन कोस लांबच्या बाजारात जाऊ लागली. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. संध्याकाळपर्यंत टोपली रिकामी व्हायची. वडील टमाटे थेट बिटावर घालायचे. बिटात मालाला कुणी जात विचारत नाही. पोत्यावर बसणाऱ्या बाईला मात्र विचारतात, तोंडाने नाही विचारलं तरी.

तेव्हा आईच्या प्रश्नाला कोणत्या इमारतीने उत्तर दिलं असतं? छप्पर मिळालं असतं तरी जुडी खालीच ठेवली गेली असती. मेथीची जुडी ठेवून देणारा तो हात बदलायचा असेल, तर पैसा आधी शाळेत घाला, असं जोतीराव म्हणत होते, असं मी आता समजतो. मावशींना हे सांगायचं होतं, पण मागे गिऱ्हाईक उभं होतं.

शेंगा तोलता तोलता त्यांनी विचारलं, "कुठले तुम्ही?"

"मराठवाड्यातले."

"आडनाव?"

वर्षानुवर्षं भाषणं करतोय, तरी या प्रश्नाला पोटात काहीतरी आवळतंच. मी आडनाव सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या, पारड्यात मूठभर शेंगा वर टाकल्या, वाकून पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढच्याकडे वळल्या. त्या 'बरं'चा अर्थ मी उगाच लावत बसलो, तो शनिपाराच्या चहापर्यंत.

रात्री गाडीत बसल्यावर आईला फोन केला. मंडई बघितली म्हटलं. तिने आधी शेंगांचा भाव विचारला आणि महाग दिल्या म्हणाली. मग म्हणाली, "आपल्यातलं कुणी बसतं का रे तिथं?"

म्हटलं, "विचारलं नाही."