कृष्णाकाठची सायकलवाट

चैत्र नुकताच लागला होता. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने वसविलेल्या जयसिंगपूरच्या सरळ, आखीव गल्ल्यांतून सकाळी साडेसहाच्या सुमारास दोन सायकली बाहेर पडल्या. पुढच्या सायकलीवर बहात्तर वर्षांचे आजोबा होते, साखर कारखान्याच्या शेती विभागातून निवृत्त झालेले. मागच्या सायकलीवर पाडव्यासाठी पुण्याहून आलेला त्यांचा नातू होता. जायचे होते खिद्रापूरला, सुमारे तीस किलोमीटरवर. वाटेत घराण्याचे दोन एकर शेत लागते. ते विकून टाकावे असे पुण्यातील मुलाचे मत झाले होते. कागद होण्यापूर्वी नातवाने ते शेत एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच आजोबांची इच्छा होती.

“मोटारीने जाऊ या की, आज्जा,” नातू म्हणाला होता.

“मोटारीतून रस्ता दिसतो, शिवार दिसत नाही,” असे उत्तर मिळाले होते.

शिरोळच्या दिशेने रस्ता सपाट आहे. कोवळे ऊन, पाठीवर मंद वारा आणि फुललेल्या कडुनिंबाचा गोडसर वास. करंजाची नवी पाने उन्हात तेलकट चमकत होती. ऊसतोड आटोपत आली होती. तोडलेल्या फडांत पाचट पसरलेले आणि त्यातून खोडव्याचे हिरवे कोंब वर आलेले. एका वावरात गव्हाची मळणी चालली होती, तर पलीकडे बायका वांगी तोडून टोपल्या भरत होत्या. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव ज्याने चाखली आहे, त्याला या काळ्या मातीची थोरवी निराळी सांगावी लागत नाही. ही माती नदीने शतकानुशतके आणून घातलेल्या गाळाची आहे.

नृसिंहवाडीला पोहोचेपर्यंत ऊन चांगले वर आले होते. येथे पंचगंगा कृष्णेला मिळते. चैत्रात घाटाच्या बऱ्याच पायऱ्या उघड्या असतात आणि संगमाचे पाणी शांत, काचेसारखे दिसते. पावसाळ्यात हेच पाणी चढत जाऊन दत्तपादुकांवरून वाहते आणि दक्षिणद्वाराने बाहेर पडते. त्या वेळी स्नानासाठी भाविकांची दाटी होते. पुराचाही सोहळा करणारे असे गाव विरळाच. दोघांनी घाटावर बसून घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या, वाटीभर बासुंदी घेतली आणि आजीसाठी कवठाच्या बर्फीचा पुडा पिशवीत ठेवला.

पूल ओलांडला की कुरुंदवाड. पटवर्धनांच्या संस्थानाचे हे गाव. सेनापती संताजी घोरपडे यांची समाधीही येथील नदीकाठीच आहे. मात्र नातवाचे लक्ष वेधले ते एका जुन्या घराच्या भिंतीने. माणसाच्या डोक्याहून वर एक मातकट रेघ उमटलेली होती आणि तिच्या खालचा गिलावा फुगून सुटला होता. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुराची ती खूण. २००५ साली पूर आला, २०१९ साली आला, पुन्हा २०२१ साली आला. नदी जेवढे देते, त्याचा हिशेब अधूनमधून असा मागते.

कुरुंदवाडच्या पुढे रस्ता अरुंद होतो. रहदारी विरळ होते आणि सायकलीच्या साखळीचा आवाज ऐकू येऊ लागतो. अशाच एका वळणावर आजोबा उतरले. समोरचे शेत पाहून नातू क्षणभर बोललाच नाही. दोन्ही बाजूंना हिरवे शिवार आणि मध्ये मीठ शिंपडल्यासारखी पांढरी, भेगाळलेली जमीन. कोठेकोठे खुरटे लव्हाळे.

“हे पुराने झालं?”

“न्हाई रे. पुरानं गाळ आणला. हे आमच्या हातानं झालं.”

आजोबांनी सावकाश सांगितले. पाणी मुबलक होते म्हणून उसाला मोकाट पाणी दिले. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा होत नाही, त्यामुळे खालच्या पाण्याची पातळी वर येत गेली. उन्हाने पाणी उडून जाते, पण त्याबरोबर वर आलेले क्षार मातीतच राहतात. वर्षागणिक उतारा घटतो आणि एके दिवशी बी उगवतच नाही. फडाफडांतून हिंडून इतरांच्या उसाची नोंद करणाऱ्या माणसाचे स्वतःचे शेत असे क्षारपड झाले होते.

एवढ्यात शेजारच्या बांधावरून एक शेतकरी हात जोडत आला. त्याचेही रान असेच गेले होते. चार वर्षांपूर्वी वरच्या अंगाच्या काही शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले आणि साचलेले पाणी ओढ्याला काढून दिले. पहिल्या वर्षी ताग घेऊन तो गाडला. आता तेथे ऊस उभा होता. खालच्या अंगाला मात्र काम अडले होते. पाणी ओढ्यापर्यंत न्यायची मुख्य पाइप याच दोन एकरांतून जायला हवी. आणि शेत मागणाऱ्याला तेथे वीटभट्टी घालायची होती.

“त्यानं माती काढली की पाइप कुठनं न्यायची, अण्णा?” शेतकरी आजोबांना म्हणाला. “तुमचं तुम्ही बघा. तुमच्या मागं आमची सात खाती हाईत, एवढंच सांगतो.”

आजोबा काहीच बोलले नाहीत. नातवाने वाकून मूठभर माती उचलली, बोटांनी चुरली आणि सायकल उचलली.

खिद्रापूर येईपर्यंत दुपार होत आली. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात अठ्ठेचाळीस खांब आहेत आणि मध्यभागी छत नाहीच. वरच्या गोलातून चैत्राचे ऊन सरळ खालच्या गोल शिळेवर उतरते. बाहेर पीठावर हत्तींची रांग सारे मंदिर पाठीवर घेऊन उभी आहे. शिलाहारांनी उभारलेल्या या मंदिरासाठी यादव राजा सिंघणाने गाव दान दिल्याचा शके ११३६ चा शिलालेख येथे आहे. गावातच कोरीव कामाचे प्राचीन जिनमंदिरही आहे. तेथे दर्शन घेऊन दोघे नदीकाठी आले. पलीकडे कर्नाटकातील जुगूळ दिसत होते.

“राजानं गाव दिलं ते कशासाठी, आज्जा?”

“देवळाचा खर्च मागाहूनही चालावा म्हणून. बांधणं एकदाच होतं, सांभाळणं रोजचं असतं.”

नातवाने खिशातून फोन काढला.

“बाबा, मी खिद्रापुरातून बोलतोय. शेत पाहिलं. कागद एवढ्यात करू नका. पाइपला किती खर्च येतो, ते आधी विचारून घेऊ.”

पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. मग “रात्री बोलू,” एवढेच शब्द आले.

परतीला वारा समोरून होता. आजोबांचा वेग मंदावला, तसा नातू पुढे झाला आणि वारा अंगावर घेत कुरुंदवाडपर्यंत पुढेच राहिला. पांढऱ्या शेतापाशी मात्र दोन्ही सायकली पुन्हा थांबल्या. या वेळी ओढा कोणत्या बाजूला आहे, हे नातवाने आपणहून विचारले.