दुसरं दार कुठंय?

सहावीचा निकाल चांगला लागला तर गेम झोनला नेईन, असं लेकीला कबूल केलं होतं. गेल्या रविवारी गेलो. सोबत मित्र आणि त्याची दोन पोरं.

काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठला?" तो हसला. "सर, इथं काही होत नाही." मागे एक दार दिसलं. त्याला कुलूप, समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत. किल्ली? मॅनेजरकडे. मॅनेजर? जेवायला गेलेत.

मी तिकिटं काढली नाहीत.

राजकोट आठवतंय ना? 25 मे 2024. शनिवार, सुट्टीचे दिवस, 99 रुपयांचं तिकीट. वेल्डिंगची ठिणगी पडली आणि 27 जण जळून गेले, त्यात लहान मुलंही. अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला नव्हताच. आणि हे सगळं शहराच्या डोळ्यांदेखत चालू होतं.

गंमत बघा, आपण घाबरतो ते उंचीला. 2019 मध्ये अहमदाबादच्या कांकरियाला झुलती राइड मोडून 2 जण गेले, तेव्हापासून आमच्या घरात 'जत्रेत मोठ्या पाळण्यात बसायचं नाही' हा नियमच झालाय. पण राजकोटला पाळणा तुटला नव्हता. गो-कार्ट, बॉलिंग असले जमिनीवरचे खेळ होते. तिथे कुठला आईबाप दाराची चौकशी करणार? मीही त्याआधी कधी केली नव्हती.

मालक म्हणतात, अशा बोलण्यानं धंदा बसतो. मग दाखला तिकीट खिडकीवर लावा की राव! तपासणीची तारीख आणि करणाऱ्याची सही. साधा हॉटेलवालासुद्धा लायसन्स फ्रेम करून लावतो.

मित्र म्हणाला, "अरे, एवढा विचार केलास तर घराबाहेर पडणं मुश्कील होईल." तो पोरांना घेऊन आत गेला. आम्ही बागेत जाऊन कुल्फी खाल्ली. लेकीनं अर्धी टाकून दिली.

दोन तासांनी ती पोरं घामाघूम होऊन, खिदळत बाहेर आली. "बघितलंत बाबा? काहीच झालं नाही," एवढंच बोलली ती. मला उत्तर सुचलं नाही.

बुधवारी अग्निशमन विभागाकडे त्या कुलपाबद्दल लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. उत्तर आलं की इथेच टाकतो.