साडूची मांसल गाडी

साडू हा नात्यांमधला मोठा अवघड प्रकार आहे. मेव्हण्यावर रुसता येतं, भावाशी भांडता येतं. साडूशी फक्त तुलना होऊ शकते. दोन माणसांनी एकाच सासऱ्याच्या दोन मुली केल्या, एवढाच काय तो दोघांचा संबंध. पण दिवाळीला दोघं शेजारी-शेजारी पाटावर बसले की सासूबाईंपासून वरच्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांत तराजू हलायला लागतो. आमच्या तराजूच्या एका पारड्यात मी : बी.कॉम. (द्वितीय श्रेणी), बँकेत क्लार्क, वीस वर्षांत चार शाखा आणि एक प्रमोशन (बदलीच्या भीतीनं नाकारलेलं). दुसऱ्या पारड्यात सतीशराव : अमेरिका. बस्स. नुसतं 'अमेरिका' म्हटलं की ते पारडं जमिनीला टेकतं. पुढचं कुणी ऐकून घेत नाही.

हे सतीशराव डेट्रॉइटजवळ राहतात आणि एका मोटार कंपनीसाठी ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितात. म्हणजे दिवसभर ब्रेक लावतात, पण कॉम्प्युटरवर. हाताला ग्रीस कसलं ते ठाऊक नाही. अशा माणसानं पन्नाशी उलटल्यावर १९६८ सालची पाँटियाक जी.टी.ओ. विकत घेतली आणि 'सगळं काम मी घरीच करणार' असं जाहीर केलं. साठवलेली सगळी रजा खर्चून २०२४ च्या जुलैत आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा ती गाडी चार घोड्यांवर उभी होती. (घोडे म्हणजे जॅकनं उचललेल्या गाडीखाली लावतात ते लोखंडी तिवई-छाप आधार. नाहीतर तुम्ही म्हणाल, अमेरिकेत अजून बग्गी चालते.) नायगारा बघायला म्हणून गेलेला मी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली बॅटरी धरून उताणा पडलो होतो.

अशा गाडीला तिकडे 'मसल कार' म्हणतात. मी आमच्या हिला 'मांसल गाडी' असं भाषांतर करून दिलं. ती गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाली, "खरंच की! मागून बरीच आहे."

वास्तविक प्रकार असा, की मध्यम अंगाच्या गाडीत थोरल्या गाडीचं इंजिन बसवायचं. १९६४ साली ही जी.टी.ओ. जन्मली तीच मुळी एका पळवाटेतून. जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम गाडीला ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन द्यायचं नाही. पाँटियाकच्या जॉन डीलोरियन वगैरे मंडळींनी ३८९ घनइंचांचं इंजिन बसवलं आणि कागदावर ते स्वतंत्र मॉडेल म्हणून न दाखवता 'ऑप्शन' म्हणून दाखवलं. नाव फेरारीकडून उचललं, तेही न विचारता. हे ऐकल्यावर माझा त्या गाडीबद्दलचा आदर एकदम वाढला. इंजिनातलं मला बेताचंच कळतं, पण फॉर्म कसा भरावा हे कळणारा माणूस मी लांबून ओळखतो.

सतीशरावांच्या ६८ च्या गाडीत इंजिन ४०० घनइंचांचं, म्हणजे सुमारे ६,६०० सी.सी., आणि कंपनीच्या कागदावर ताकद ३५० घोड्यांची. आमच्या वडिलांची कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली प्रीमियर पद्मिनी होती १,०८९ सी.सी.ची. सहा पद्मिनी एकत्र वितळवल्या तर ही एक मांसल बाई तयार व्हावी! पुढे विम्याचे हप्ते, १९७० चा हवाशुद्धीचा कायदा आणि १९७३ ची तेलबंदी यांनी या गाड्यांचा जीव घेतला. खुद्द पाँटियाक हे नावही २०१० साली बंद पडलं. म्हणजे सुटा भाग हवा असेल तर कंपनीकडे जायची सोयच नाही. पण गंमत अशी, की इतर लोकांनी या गाडीचे सुटे भाग नव्यानं बनवण्याचे धंदे काढलेत. जाडजूड कॅटलॉग येतात. सतीशराव रात्री ते कॅटलॉग एखाद्या पोथीसारखे वाचत, आणि शीलाताई, म्हणजे माझी मेव्हणी, शेजारी बसून त्यांच्याकडे पोथीतल्या राक्षसाकडे बघावं तशी बघे.

गॅरेजात माझी किंमत वाढली ती दोन कारणांनी. पहिलं कारण अपूर्णांक. तिकडचे पाने इंचात : अर्धा, नऊ सोळांश, पाच अष्टमांश. आयुष्यभर मेट्रिकमध्ये शिकलेले सतीशराव प्रत्येक नटापाशी थबकत. 'अर्धा ढिला होतोय, आता कुठला देऊ?' मी तत्काळ सांगे, 'सात सोळांश.' व्याजाचे पाव टक्के, अर्धे टक्के करण्यात माझी हयात गेली आहे.

दुसरं कारण म्हणजे पॉइंट. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडलं आणि आत मला तोच जुना ओळखीचा चेहरा दिसला. कॉन्टॅक्ट ब्रेकर पॉइंट! आमचे सगळे रविवार वडिलांबरोबर या चिमुकल्या वस्तूनं खाल्ले. काळवंडला की पॉलिश पेपर मारायचा, फीलर गेजनं फट बघायची, गाडी चालू केली की कळायचं, फट चुकली. मग पुन्हा झाकण काढा. या अमेरिकन डिस्ट्रिब्यूटरला मात्र एक सरकती खिडकी असते. इंजिन चालू ठेवून त्या खिडकीतून बारीक षटकोनी चावी घालायची आणि मीटरवर तीस अंश येईपर्यंत फिरवायची. ती खिडकी पाहून मला भरून आलं. वडिलांना एवढी खिडकी कुणी दिली असती तर आम्हां भावंडांनी निम्मे रविवार क्रिकेट खेळलं असतं.

सतीशरावांनी एवढं करूनही शेवटी पॉइंट काढून टाकले आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. झीज नाही, खिडकी नाही, मेणासारखी गाडी चालते. सुधारणा म्हणून ती बरीच आहे, मी नाही म्हणत नाही. पण माझं मत असं, की पॉइंट मरताना चार दिवस आधी खोकतो. इलेक्ट्रॉनिक डबी आपल्या सिस्टीमसारखी : कालपर्यंत ठणठणीत, आज 'सर्व्हर डाऊन.' म्हणून जुने पॉइंट आणि ती चावी मी पुडीत बांधून गाडीच्या कप्प्यात ठेवायला लावली.

खरी सुधारणा मात्र ब्रेकची. साडेतीनशे घोड्यांची ही गाडी त्या काळी चारी चाकांना ड्रम ब्रेक घालून विकत. पुढचे डिस्क हवे असतील तर जादा पैसे. म्हणजे पळणं हे मुद्दल आणि थांबणं हे ऐच्छिक. उताराला दोन-तीनदा दाबले की ड्रम तापतात आणि ब्रेक नुसते आश्वासन देतात. मांसल गाड्यांचे शौकीन आधी मोठा कार्बोरेटर घेतात, मग भोंग्यासारखे सायलेन्सर घेतात, आणि ब्रेक राहतात शेवटच्या पगारावर. सतीशराव ब्रेकचा माणूस, त्यांनी क्रम उलटा धरला. याबद्दल मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देतो.

डिस्क बसवायला दोन दिवस लागले. नळ्यांतली हवा काढायला तिसरा. या कामाला दोन माणसं लागतात आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास लागतो. साडू चालत नाहीत. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी पडून निपल सैल करायचं, बुडबुड्यांसकट तेल बाहेर येऊ द्यायचं, निपल आवळायचं, आणि मगच वरच्यानं पाय उचलायचा. पाय आधी उचलला की बाहेर गेलेली हवा सासुरवाशिणीसारखी पुन्हा माहेरी येते. सगळ्यात लांबचं चाक आधी : मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. मी डावीकडच्या स्टिअरिंगमागे बसलो आणि खालून आज्ञा यायला लागल्या. "दाबा!... धरा!... सोडा!" तास-दीड तास हे चाललं. शेजारचे एक म्हातारबुवा, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कुंपणापाशी येऊन बराच वेळ ऐकत उभे राहिले आणि मग फार आदरानं त्यांनी विचारलं, "योगा?"

आणि आता खर्चाकडे येतो.

पहिल्याच आठवड्यात सतीशरावांनी गॅरेजचं दार आतून लावलं आणि रंगाच्या रिकाम्या डब्यातून बिलांचा गठ्ठा काढला. "साडूभाऊ, तुम्ही कॉमर्सचे. एवढं जरा मांडून द्या. आणि..." पुढचं वाक्य त्यांनी डोळ्यांनी पूर्ण केलं. मी रीतसर खतावणी घातली : इंजिन खाते, ब्रेक खाते, रबरी नळ्या खाते (हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या नळ्या खातं, तिकडे दहा टक्के असतं, आपल्याकडे आता वीस), अवजारे खाते, आणि 'किरकोळ', जे कुठल्याही जमाखर्चात सगळ्यात मोठं असतं. बेरीज केली. पुन्हा केली. आकडा सांगत नाही. खातेदाराची माहिती त्रयस्थाला द्यायची नाही असा आमच्या धंद्याचा दंडक आहे, आणि वाचक हा त्रयस्थच.

एवढं मात्र सांगतो की त्या यादीत एक वस्तू नव्हती. या जी.टी.ओ.ला एके काळी बॉनेटवर, म्हणजे चक्क काचेच्या बाहेर, इंजिनाचे फेरे दाखवणारं टॅकोमीटर मिळायचं. सतीशराव कॅटलॉगमधल्या त्या चित्राकडे तहानेल्यासारखे बघत आणि पान उलटत. "हे घेतलं, तर तुमची मेव्हणी मलाच बॉनेटवर बसवेल."

कारण शीलाताईंनी मुदत घातली होती. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइट ते पाँटियाक गावापर्यंत जाणाऱ्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. १९९५ पासूनची प्रथा आहे. आठवडाभर आधीपासूनच लोक गाड्या घेऊन रस्त्यावर येतात. त्या आठवड्यात गाडी घरापासून पाँटियाकपर्यंत जाऊन परत आली तर राहील, नाहीतर विकायची आणि गॅरेजात पुन्हा गॅरेज करायचं. हे ऐकल्यापासून सतीशराव जेवताना बोलेनासे झाले. तीन वर्षं संध्याकाळी ते या गाडीपाशी होते. मुलगा शिकायला लांब गेल्यावर घर कसं झालं होतं, हे शीलाताई आमच्या हिच्याशी फोनवर बोलायच्या ते मला ठाऊक होतं.

गुरुवारी आम्ही चौघं निघालो. शीलाताई मागे, पंच बसावा तशा. गाडीचा आवाज असा, की पोटातला चहा हलावा. तीन-चार तास चालून दमलेल्या गाड्यांच्या रांगेत, बर्मिंगहॅम नावाच्या गावात, सिग्नलला ती गचकली. पुन्हा चालू होईना. सतीशरावांचा चेहरा पांढरा झाला. शीलाताई काही बोलल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं.

बॉनेट उघडलं. ठिणगी होती. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येत नव्हतं, आणि पंपाकडून येणारी नळी हाताला चटका देत होती. मला एकदम कशेडी घाट आठवला. मे महिना, वाफेनं अडलेलं पेट्रोल, आणि पंपावर ओलं फडकं टाकून बिडी ओढत बसलेले वडील. मी पिशवीतून पंचा काढला. (हाच तो पंचा, जो अमेरिकेला नेऊ नका म्हणून ही विमानतळापर्यंत भांडली होती.) बर्फाच्या पाण्यात बुडवून नळीला गुंडाळला. मागच्या गाडीतून शेजारचे म्हातारबुवाही उतरले, आणि खिशातून त्यांनी काय काढावं? कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. तिकडचा जुना उपाय हा : नळीवर ओळीनं चिमटे लावायचे, म्हणे उष्णता ओढून घेतात. मला ते काही पटलं नाही, त्यांना पंचा पटला नाही. आम्ही दोन्ही केलं. दहा मिनिटांनी गाडी डरकाळली. कशानं चालू झाली याबद्दल आमच्या दोघांत अजून एकमत नाही.

पाँटियाकला जाऊन परत आलो. पंचा शेवटपर्यंत बॉनेटखाली होता.

निघायच्या आदल्या रात्री शीलाताईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "भावोजी, खरं सांगा. एकूण किती झाले?"

मी दंडक सांगितला. त्रयस्थ, संमती, गुप्तता.

त्या हसल्या. धान्याच्या कपाटातून, पोह्यांच्या डब्यामागून त्यांनी एक घडी घातलेलं बिल काढलं. बॉनेटवरचं टॅकोमीटर, जुनं, दुरुस्त केलेलं, एक नग. तारीख आम्ही यायच्या दोन महिने आधीची. "त्यांच्या वाढदिवसाचं आहे. हेही धरा हिशेबात," त्या हळूच म्हणाल्या, "पण त्यांना सांगू नका हं."

तेव्हापासून एकाच गाडीची दोन खाती माझ्याकडे आहेत आणि दोघंही खातेदार मला स्वतंत्रपणे फोन करतात. दोन्हींची एकत्र बेरीज मी फक्त एकदाच केली, परतीच्या विमानात. शेजारी ही गाढ झोपली होती, तरी आकडा हातानं झाकूनच लिहिला.