फळीमागचं चाळीसगाव

धुळ्याच्या आमच्या घरात वरच्या खोलीची एक भिंत बारा फुटांची आहे. दिवाळीपासून त्या भिंतीवरून माझं माझ्याशीच भांडण चालू होतं. भिंतीला लागून दोन फूट रुंद टेबल आणि त्यावर धुळे स्टेशनचं मॉडेल, एवढं पक्कं होतं. प्रश्न एकच होता. या बारा फुटांतले सहा फूट शोभेला काहीच उपयोग नसलेल्या रुळांना द्यायचे का?

हा नाद पुण्यात लागला. नोकरीच्या पहिल्या वर्षी कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघितलं आणि पुढच्या महिन्याच्या पगारातून एक इंजिन घेतलं. आधी डोक्यात जळगाव होतं. इंजिनिअरिंग तिथे झालं, सबमिशनच्या रात्री आम्ही स्टेशनवर चहा प्यायला जायचो. पण एचओ स्केल म्हणजे मूळ वस्तूचा ८७ वा भाग. त्या हिशेबाने एक डबा पाव मीटरचा होतो आणि चोवीस डब्यांची गाडी सहा मीटरच्या वर जाते. माझी भिंत पावणेचार मीटरचीसुद्धा नाही. शिवाय जळगावला गाड्या मुंबईकडून येतात, भुसावळकडून येतात, अमळनेर-नंदुरबारमार्गे सुरतेकडून येतात. तीन दिशांना दाखवायला माझ्याकडे खोलीच नव्हती.

धुळं त्या मानाने सोपं. १९०० साली सुरू झालेला चाळीसगाव-धुळे हा ५६ किलोमीटरचा फाटा. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर, मोहाडी करत गाडी येते आणि धुळ्याला रूळच संपतात. आता तिथे मेमू धावते, पण मला माझ्या लहानपणची पॅसेंजर हवी होती. धुळ्याला आली की इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून फिरून दुसऱ्या टोकाला लागायचं. पाच डबे आणि इंजिन मिळून दीड मीटर. हे बसत होतं.

अडचण पुढे होती. स्केलप्रमाणे चाळीसगाव साडेसहाशे मीटर लांब येतं, म्हणजे आमच्या कॉलनीच्या बाहेर. मग धुळ्याहून सुटलेली गाडी जाणार कुठे? यावर जगभरच्या मॉडेलवाल्यांचा उपाय म्हणजे स्टेजिंग ट्रॅक. नाटकात पात्र विंगेत जातं तशी गाडी या रुळांवर जाऊन थांबते आणि वेळ झाली की परत ‘एन्ट्री’ घेते. ऑफिसात स्टेजिंग म्हणजे खऱ्याच्या आधीची तालीम असते. इथे स्टेजिंग म्हणजे उरलेलं सगळं जग.

हे जग जागा मात्र भरपूर खातं. गाडीला पाच फूट, तीन रुळांच्या सांध्यांना वरचा फूटभर. झाले सहा फूट. तेवढ्यात माझा मालधक्का आणि रेल्वे क्वार्टर्स बसत होते. मालधक्का तर पुठ्ठ्याचा करून रंगवूनही झाला होता. स्टेजिंग टेबलाच्या खाली न्यावं, तर १० सेंटिमीटर उतरायला चाळीसात एक या उताराने चार मीटर रूळ लागतात. मागून वळवून आणावं, तर दोन फुटांत गाडी वळत नाही. एक सुटी फळी करून गाडी फळीसकट उचलायची, असाही प्रकार असतो. पाच फुटांची फळी डब्यांसकट उचलून फिरवताना माझे दोन डबे एकदा फरशीवर पडले. तो प्रकार तिथेच संपला.

शेवटी ठरवलं, स्टेजिंग नको. गाडी भिंतीच्या टोकापर्यंत जाईल, दोन मिनिटं थांबेल, परत येईल. आपण समजून घ्यायचं.

पहिली चाचणी बघायला पप्पा वर आले. गुडघ्यांमुळे ते सहसा जिना चढत नाहीत. गाडी टोकाला जाऊन थांबली.

‘‘गाडी कथा गयी?’’

‘‘चाळीसगावला पोचली असं समजायचं, पप्पा. आता परत येईल.’’

ते थोडा वेळ गाडीकडे बघत राहिले. ‘‘म्हणजे मी बावीस वर्षं भिंतीत जायचो का रे?’’

पप्पा चाळीसगावला नोकरीला होते. बावीस वर्षं अप-डाऊन. सकाळी मी झोपेत असताना जायचे आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने यायचे. ती गाडी बऱ्याचदा उशिरा यायची. सहावीच्या गॅदरिंगला माझं नाटक संपून मेकअप पुसून झाल्यावर ते पोचले होते. आम्हाला ‘गाडी लेट होती’ एवढंच कळायचं. पुढे पुढे मला ती सबबच वाटायला लागली. का लेट होती, हे मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी विचारलं. पप्पा म्हणाले, मुंबईची गाडी आल्याशिवाय पॅसेंजर सोडायचे नाहीत. तिच्यातून उतरणारे अर्धे लोक धुळ्याचे. त्यांना टाकून गेलं तर रात्र स्टेशनवर. त्यामुळे सगळे डब्यात बसून राहायचे. कोणी पत्ते काढायचं, कोणी भाजी निवडायचं. सकाळी उलटं. मेन लाइनच्या गाडीला वाट द्यायला यांची पॅसेंजर चाळीसगावच्या आऊटरला उभी, आणि ऑफिसात मस्टरवर लाल शेरा.

मी मुलगा म्हणून धुळ्याच्या प्लॅटफॉर्मवरून बघत होतो. तिथून उशीर दिसतो, कारण दिसत नाही. कारण ५६ किलोमीटर पलीकडे उभं असतं. आणि माझ्या टेबलावर तर उशीर शक्यच नव्हता. दोन मिनिटं झाली की गाडी परत. कोणाची वाट बघायची नाही, कोणाला वाट द्यायची नाही. गाडीला दुसरीकडेही काही काम असतं, हेच मी काढून टाकलं होतं.

मालधक्का आता कपाटावर आहे. क्वार्टर्स रद्द. टेबलाच्या मधोमध उभी फळी आहे, तिला गाडीपुरतं भोक. अलीकडे धुळं, कडुनिंबासकट. पलीकडे नुसतं प्लायवूड आणि तीन रूळ, ना झाड ना माणूस. पप्पांनी तिकडे खुर्ची मांडून घेतली. ‘‘तू धुळं सांभाळ, मी चाळीसगावला बसतो,’’ म्हणाले. तिकडचा कंट्रोलर त्यांच्याकडे आहे.

मागच्या रविवारी मी गाडी रवाना केली आणि प्लॅटफॉर्म रिकामा करून बसलो. दहा मिनिटं झाली. ‘‘पप्पा, सोडा ना!’’

फळीमागून उत्तर आलं, ‘‘थांब. मुंबईची गाडी यायची आहे अजून.’’