दोन इंच खोल

बागेवर काहीतरी लिहा, असं मंडळाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मला जरा हसूच आलं. बेळगावातल्या आमच्या परसात आता चार कुंड्या, एक कढीपत्ता आणि हिने लावलेली जाई एवढंच उरलंय. जाई आपली आपण फुलते, माझं कर्तृत्व काही नाही. पण एका वेलीबद्दल मला लिहिता येईल. ती माझ्या दारात नाही, लेकीच्या दारात आहे, इंग्लंडमधल्या वोकिंग गावी.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. झाडांचा नाद हिला होता. हिच्या हयातीत मी फक्त नळीने पाणी घालायचो, तेही सांगितलं तर. 2021 च्या मे महिन्यात ही गेली. दिवस कोरोनाचे होते, पण आजार कोरोनाचा नव्हता, हिचं हृदयच थकलं होतं. शेवटचे चार दिवस दवाखान्यात मी हिच्या उशाशी होतो. लेक रोज संध्याकाळी फोन करायची आणि मी रोज सांगायचो, "बरी आहे, आत्ताच डोळा लागलाय." लांब एकटी पोर, विमानांचा पत्ता नाही, उगीच जिवाला घोर कशाला, असा माझा हिशेब. पाचव्या दिवशी मला खरं सांगावं लागलं.

त्यानंतर लेक माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. औषधं घेतली का, जेवलात का. त्या चार दिवसांबद्दल तिने एकदाच विचारलं, मी विषय बदलला, तिने पुन्हा विचारलं नाही.

2022 च्या एप्रिलमध्ये तिने मला बोलावून घेतलं. व्हिसा सहा महिन्यांचा. घरामागे तिची बाग म्हणजे आपल्याकडच्या दोन खोल्यांएवढी जागा. तिन्ही बाजूंनी लाकडी कुंपण, मध्ये हिरवळ, नातवाचा फुटबॉल. एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, आईच्या नावाने इथे काहीतरी लावायचंय. जांभळं. तिला जांभळा रंग आवडायचा."

जवळच विस्लीला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची मोठी बाग आहे. तिथल्या रोपांच्या दुकानात आम्ही गेलो आणि क्लेमॅटिसचं एक रोप घेऊन आलो. जातीचं नाव जॅकमनाय. घरी येऊन नावाचा शोध घेतला तर कळलं, ही वेल मूळची ह्याच गावची! वोकिंगला जॅकमन घराण्याची रोपवाटिका होती, 1810 साली सुरू झालेली. चीनमधून 1850 च्या सुमारास मोठ्या फुलांची एक क्लेमॅटिस इंग्लंडात आली होती. तिचा युरोपातल्या लहान फुलांच्या जातींशी 1858 मध्ये इथे संकर केला, आणि 1862 मध्ये त्या रोपांना गडद जांभळी, मखमली, तळहाताएवढी फुलं आली. पुढे जगभरच्या बागांमध्ये ही वेल गेली. गावात जॅकमन्स लेन नावाचा रस्ता अजून आहे. लेक म्हणाली, "म्हणजे माहेरीच आली म्हणायची."

लावायचं कसं ते शेजारच्या आजीबाईंनी कुंपणावरून सांगितलं. वय ऐंशीच्या पुढे, पण हात मातीत. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, उरलेलं त्या हातांनी दाखवायच्या. कुंपणापासून फूटभर अंतर ठेवायचं, कारण कुंपणाच्या कडेला पावसाचं पाणी पोहोचत नाही. खड्डा दीड फूट खोल, मुरलेलं खत भरपूर, कारण तिथली माती वाळूसर. डोकं उन्हात, पाय सावलीत, म्हणून बुंध्यापाशी चार चपटे दगड. आणि मुख्य म्हणजे रोप कुंडीत होतं त्याहून दोन-अडीच इंच खोल लावायचं. मला हे पटेना. हिने मला शिकवलेली एकमेव गोष्ट म्हणजे रोपाचा गळा मातीत पुरू नये, कुजतो. आजीबाई मान हलवून म्हणाल्या, ह्या वेलीचं उलटं आहे, वर काही झालं तर खालून फुटायला डोळे राहतात. लेक म्हणाली, "बाबा, त्यांचं ऐकूया."

वेल चढते तीही गमतीने. तिला काकडीसारखे ताणे नसतात आणि ती जुईसारखी स्वतः पीळ घालत नाही. पानाचा देठच आधाराला विळखा घालतो. म्हणून आधार बारीक लागतो, बोटाहून जाड काठी तिला पकडता येत नाही. आम्ही कुंपणावर तारा ताणल्या. नातू रोज शाळेतून आला की कुठल्या पानाने तार धरली ते मोजायचा. जूनच्या मध्यापर्यंत वेल माझ्या खांद्याला लागली आणि कळ्या दिसू लागल्या. सात. लेक ऑफिसला जाण्याआधी चहाचा कप घेऊन तिथे उभी राहायची. कधी कधी मीही शेजारी जाऊन उभा राहायचो. आम्ही काही बोलायचो नाही, पण एकत्र उभे असायचो.

एका मंगळवारी सकाळी घरातले सगळे बाहेर पडल्यावर मी मागचं दार उघडलं आणि बघतो तर वेल मान टाकून उभी. आदल्या संध्याकाळी ताठ होती. पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती, देठ आणि शिरा काळ्या पडलेल्या, कळ्या वाकलेल्या. मी आधी पाणी घातलं. पण माती ओलीच होती, तहान नव्हती ती.

आजीबाईंना हाक मारली. त्यांनी एका नजरेत सांगितलं, मर रोग. मोठ्या फुलांच्या जातींना हा बुरशीचा रोग धरतो, बहुतेक वेळा कळ्या धरल्या की, एका रात्रीत. घरच्या बागेसाठी खात्रीचं औषध नाही. रोगट भाग निरोगी खोडापर्यंत, गरज पडली तर मातीच्या खालपर्यंत कापायचा, कचऱ्यात टाकायचा, खतात नाही, आणि कात्री नीट पुसून धुवायची.

मी शेडमधून सिकेटर आणलं. मनात सगळं ठरलंही होतं. कापून टाकायचं, पिशवीत भरायचं, संध्याकाळी सांगायचं, "अगं, थोडी छाटणी केली, आजीबाई म्हणाल्या तशी." वाईट बातमी तिला ऑफिसात कशाला द्यायची? आणि सिकेटर हातात घेऊन वाकलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी पुन्हा तेच करतोय. अगदी तेच.

मी तिला फोन लावला. म्हटलं, "वेल मरतेय. मुळापर्यंत कापावी लागेल. तू नसताना कापू की थांबू?"

पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग म्हणाली, "थांबा. मी येते."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती लंडनहून आली. ऑफिसच्या कपड्यांतच मातीत बसली. मी तारांवरून देठांचे विळखे सोडवत होतो, ती कापत होती. खोडाचा आतला भाग काळा होता. आणखी खाली कापलं, तरी काळा. शेवटी बोटांनी माती उकरून जमिनीच्या खाली कापलं तेव्हा कुठे आत हिरवट पांढरा रंग दिसला. सात कळ्यांसकट सगळी वेल एका पिशवीत मावली.

स्वयंपाकघरात सिकेटर धुताना मी तिला ते चार दिवस सांगितले. कोणत्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले, कधी ऑक्सिजन लावला, सगळं. आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. तिसऱ्या दिवशी ही पूर्ण शुद्धीवर होती. मला म्हणाली होती, "तिचा फोन आला की मला उठवा." फोन आला तेव्हा हिचा खरंच डोळा लागला होता. मी उठवलं नाही. आवाज ऐकून लेक ओळखेल अशी भीती वाटली. चौथ्या दिवशी ही बोलण्याच्या स्थितीत नव्हती.

मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल. तिने नळ बंद केला आणि वर निघून गेली. पुढचे दोन दिवस घरात जड गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आलो तर ती मागे उभी राहून त्या मोकळ्या जागेवर झारीने पाणी घालत होती. दगडांमध्ये नुसती काळी माती. मला बघून म्हणाली, "आईने असं म्हटलं होतं, हे तरी मला मिळालं." एवढंच. मी अजून त्या वाक्याचा अर्थ लावतो. माफी दिली असं मी समजत नाही. पण त्या संध्याकाळी तिने मला आईबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि मी एकाचाही विषय बदलला नाही.

ऑगस्टच्या शेवटी नातू ओरडत आत आला. दगडांमधून दोन लालसर कोंब वर आले होते, करंगळीएवढे. ते दोन-अडीच इंच कामी आले होते.

ऑक्टोबरमध्ये मी परतलो. फेब्रुवारीत लेकीचा व्हिडिओ कॉल आला, छाटणी कशी करायची? ही जात त्या वर्षीच्या नव्या फांदीवर फुलते, म्हणून थंडी सरता सरता जमिनीपासून फूटभरावर, फुगलेल्या डोळ्यांच्या जोडीच्या जरा वर कापायची. बेळगावात बसून मी "अजून खाली, अजून खाली" करत होतो आणि ती हसत होती. 2023 च्या जुलैमध्ये अकरा फुलं आली. बघायला गेलं तर त्या पाकळ्या नाहीतच. क्लेमॅटिसला पाकळ्या नसतात, रंगीत दिसतात ती निदलं. हे नातवाने मला फोनवर शिकवलं.

इथे लावाल का, असं काहीजण विचारतात. आपल्याकडच्या मैदानी उन्हात ती रमत नाही, तिला थंडीची झोप लागते. पण तिची गावठी बहीण आपल्या घाटात आहेच, मोरवेल. पावसाळा सरल्यावर जांबोटीच्या रस्त्याने गेलात तर झुडपांवर पांढऱ्या फुलांचे झुपके दिसतील. थांबून पानाचा देठ बघा, तोच विळखा.

आता लेक फोनवर "तब्येत कशी आहे?" विचारते तेव्हा पुढे जोडते, "खरं सांगा." मी खरं सांगतो. साखर वाढली तर वाढली म्हणतो. गेल्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्या उतरण्याआधी पहिला फोन तिला केला. तिला घोर लागला, हो. पण ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. तारीख कळवा, मी येते."