ओट्याखालची बेगमी

नवा संसार मांडणारं जोडपं दुकानात आलं की यादीवरूनच कळतं. सगळं एकेक किलो लिहिलेलं असतं. तूरडाळ एक किलो, साखर एक किलो, रवा एक किलो आणि मोहरीसुद्धा एक किलो! चौघांच्या घरात शंभर ग्रॅम मोहरी महिन्यापेक्षा जास्त पुरते. किलोभर घेतली तर पुढच्या दिवाळीलाही फोडणीत तीच तडतडेल. उलट एक किलो तूरडाळ दहा दिवसांत संपते आणि अकराव्या दिवशी आमटीच्या वेळी धावपळ होते.

अंबरनाथला विम्को नाक्याच्या बाजूला आमचं किराणा दुकान वडिलांपासूनचं. या धंद्यात माझं सगळं शिक्षण गिऱ्हाइकांच्या याद्या वाचण्यात झालं. त्यावरून माझं मत असं झालंय की, सामान डब्याच्या मापाने भरू नये, घरच्या खपाच्या मापाने भरावं. दुकानदाराने असं सांगणं म्हणजे स्वतःच्या गल्ल्यावर हात मारून घेणं, पण सांगतो.

खप मोजायला शास्त्र लागत नाही. चौघांच्या घरात रोज बारा-चौदा पोळ्या होत असतील, तर किलोभर कणकेच्या तीसेक पोळ्या धरून महिन्याला बारा ते चौदा किलो गहू लागतो. रोज वाटीभर, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आसपास डाळ शिजत असेल तर महिन्याचे साडेचार किलो होतात. पण रोज तूरच नसते. उसळ, पिठलं, मुगाची खिचडी यांचे दिवस वजा करा, मग तूरडाळ तीन किलो पुरे. तेल माणशी महिना अर्धा लिटर, असं डॉक्टर मंडळी सांगतात. याद्या मात्र दीडपट सांगतात आणि श्रावणात तळण सुरू झालं की बोलायलाच नको.

महिन्याची यादी ही पद्धतच मुळी पगाराने आणली. तेव्हा 1936 च्या वेतन कायद्याप्रमाणे हजाराच्या आत कामगार असले तर कारखान्याला सात तारखेच्या आत पगार द्यावा लागे, त्याहून मोठा असला तर दहाच्या आत. अंबरनाथ कारखान्यांचं गाव. आगपेट्यांचा विम्को, रसायनांची धरमसी मोरारजी, शिवाय ऑर्डनन्स फॅक्टरी. वडील सातच्या आधी पोती फोडून ठेवत, आणि दहा तारखेच्या संध्याकाळी खात्याच्या वह्यांमधल्या उधाऱ्यांवर एकामागून एक काट बसत असे. याद्याही तऱ्हेतऱ्हेच्या. दक्षिणेकडचं कुटुंब असलं की उडीदडाळ आणि उकडा तांदूळ पायजेच. उल्हासनगरहून येणाऱ्या सिंधी बायकांच्या यादीत चणाडाळ आमच्या तिप्पट, दालपकवानासाठी. आमच्या कोकणी घरांत आमसुलं चुकली तर यादी परत यायची.

वर्षाची बेगमी मात्र त्याच्याही आधीची, शेतीवाडीच्या घरांची. एप्रिल-मे महिन्यात गहू घ्यायचा, उन्हात कडकडीत वाळवायचा, कणगीत किंवा पत्र्याच्या कोठीत भरायचा. अजूनही उन्हाळ्यात लोक क्विंटलभर लोकवन किंवा सिहोर मागतात, आणि मी विचारतो, ‘गच्ची आहे का?’ सोसायटीच्या गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी गावाला गेलेले! न वाळवलेला गहू पिंपात भरून वर घट्ट झाकण लावलं तर ओल आतच कोंडते. त्यात इथला पाऊस. जून ते सप्टेंबर तळमजल्याच्या घरात मीठसुद्धा पाणी सोडतं, तिथे गव्हाची काय कथा. ज्याला ऊन आणि कोरडी खोली आहे त्याने खुशाल वर्षाचा भरावा. वन बीएचकेवाल्याने दोन महिन्यांचा घ्यावा आणि दळणही आठ दिवसांपुरतं आणावं. बाजरीचं पीठ तर त्याहून लवकर कडवट होतं, कारण बाजरीत तेल जास्त. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी तव्यावर टाकायच्या आत तुटते. मग दोष सुनेच्या हाताला दिला जातो.

किडीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त तक्रारी तिच्याच. ‘काका, तुमच्या मुगात भुंगे निघाले!’ मूग, चवळी, मटकी हातावर घेऊन उजेडात बघा. दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके चिकटलेले दिसले, तर ती भुंग्याची अंडी. अळी तिथूनच आत शिरते, दाणा पोखरते आणि भुंगा होऊन गोल भोक पाडून बाहेर येते. म्हणजे तुम्ही डबा उघडून भुंगे बघता तेव्हा तो कारभार तीन-चार आठवडे आत चालूच होता. कित्येकदा ही कीड शेतातूनच शेंगेबरोबर येते. दुकानात येते तेव्हा दाणा वरून अगदी साजरा दिसतो. तांदळाच्या सोंड्याची गोष्ट वेगळी. त्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. बाहेरून ठिपकासुद्धा दिसत नाही, म्हणून तांदूळ निवडणारी कितीही नजरेची असली तरी फसते.

उपाय आजीच्या वेळचाच. कडधान्याच्या किलोला चमचाभर एरंडेल, हाताने चोळून. तेलाच्या थरामुळे अंडी नीट चिकटत नाहीत, चिकटली तरी बहुतेक जगत नाहीत. एरंडेलाचा वास नको असेल तर कडधान्याची पिशवी आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर मात्र लगेच उघडू नका. गारवा जाईपर्यंत बंदच असू द्या, नाहीतर दाण्यावर पाणी सुटतं. कडुलिंबाच्या पाल्याने थोडाफार फरक पडतो, पण भिस्त त्याच्यावर ठेवू नये. बोरिक पावडर तांदळाला चोळणाऱ्यांना मी सांगून थकलो, ती पोटात जायची वस्तू नाही. आणि गव्हात टाकायच्या सेल्फॉसच्या गोळ्या, ज्या कुणीतरी गावाहून पुडीत बांधून आणतं, त्या घरात येऊच देऊ नका. ओल लागली की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो झोपलेल्या माणसांचा जीव घेतो.

घाबरून केलेली साठवण हा किडीचा सगळ्यात मोठा सण. 2015 च्या ऑक्टोबरात तूरडाळ दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा लोक महिन्याला तीन किलो लागत असताना दहा किलो उचलत होते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हाची दुकानापुढची रांग अजून डोळ्यांपुढे आहे. जुलैत त्याच घरांतून भुंग्यांच्या तक्रारी आल्या. बाजारात माल होता. वाशीहून गाडी उशिरा का होईना येत होती. रोजची गरज अधिक पंधरा दिवस, एवढं हाताशी असलं की इथल्या पावसाळ्यालाही ते पुरतं. 26 जुलै 2005 चा महापूर असो की 2019 च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली ते दिवस असोत, दुकानं बंद राहिली ती दिवसांच्या हिशेबात, महिन्यांच्या नव्हे.

मग वर्षाचं काहीच भरू नये का? भरावं. चिंच, आमसुलं, वर्षाचा मसाला, हळकुंड, मेथ्या या वस्तू कोरड्या ठेवल्या तर टिकतात. शेंगदाणे आणि सुकं खोबरं मात्र पावसाळ्यात महिनाभराचंच. खवट दाणा चवीपुरता वाईट, पण बुरशी धरलेला दाणा तब्येतीला वाईट, तो निवडत बसू नये, टाकावा.

आणि तांदूळ. हा एकच जिन्नस असा की जो जुना झाला की त्याचा भाव वाढतो. मुरबाड, कर्जतकडचे शेतकरी दिवाळीनंतर नवा तांदूळ आणतात. वाडा कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्या नावाची पोती भलतीच वाढली आहेत. सगळी वाड्याची असती तर वाडा तालुका कोकणाएवढा लागला असता. नवा तांदूळ शिजताना चिकट होतो, पाणी कमी मागतो, भात मऊ पडतो. पेजेला आणि मोदकाच्या पिठीला तो उत्तम. पुलाव-मसालेभाताला एक पावसाळा काढलेला हवा. जागा असेल तर या दिवाळीनंतर नवा कोरडा तांदूळ दहा-पंधरा किलो घ्या, तोंड घट्ट बांधून डब्यात ठेवा आणि पुढच्या वर्षी काढा. तोवर रोजच्या भातासाठी गेल्या वर्षीचा आमच्याकडे आहे, किलोला थोडा महाग.

डबा रिकामा झाला की धुवा, उन्हात दोन तास पालथा घाला, मगच नवं भरा. तळाशी मूठभर जुनी डाळ राहिली असेल तर ती आधी शिजवून टाका. नव्या पिशवीतले भुंगे बहुतेक वेळा तिच्यातूनच आलेले असतात, आणि बोल मात्र मला लागतो.