शब्द, चाल, गळा आणि स्कूटर

मराठीत गाणे ही बहुधा तिघांची मिळकत असते. एकाने लिहायचे, दुसऱ्याने चाल बांधायची, तिसऱ्याने गायचे. 'गीतरामायणा'त सुधीर फडके संगीतकारही होते आणि गायकही, पण शब्द गदिमांचे. ही वाटणी आपल्या अंगवळणी इतकी पडली आहे की 'सिंगर-साँगरायटर' याला आपल्याकडे धड प्रतिशब्दही रुळला नाही. शाहीर जवळचा, पण त्यालाही मागे झीलकरी लागतात. म्हणूनच रेमो फर्नांडिस यांच्या पहिल्या अल्बमकडे मराठीच्या अभ्यासकांनी एकदा नीट पाहावे, असे आम्हांला वाटते. गाणी इंग्रजी आहेत म्हणून तो आपला विषय नव्हे, असे म्हणणे सोपे आहे. असो.

रेमो यांचा जन्म १९५३ चा, पणजीचा. गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. म्हणजे पोर्तुगीज, कोंकणी आणि रेडिओवरचे इंग्रजी रॉक ही तिन्ही त्यांना घरातच मिळाली. मुंबईत जे. जे.मध्ये वास्तुशास्त्र शिकले, गिटार वाजवली, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस युरोप-उत्तर आफ्रिकेत भटकले, आणि परतून शिवोलीच्या घरी राहिले. भारतीयाने स्वतः लिहिलेली इंग्रजी गाणी काढायला मुंबईच्या कंपन्या राजी नव्हत्या. मग त्यांनी चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर घेऊन घरीच 'गोअन क्रेझी' केला. साल १९८४. शब्द, चाल, सगळी वाद्ये, सगळे आवाज, ध्वनिमुद्रण, वेष्टनाचे चित्र – सारे एकट्याचे. कॅसेटी घेऊन दुकानोदुकानी पिवळ्या स्कूटरवरून हिंडणारेही तेच.

ही चार ट्रॅकांची रीत समजून घेण्याजोगी आहे. एका पट्टीवर गिटार भरायची. ती कानात ऐकत दुसरीवर ताल, तिसरीवर बासरी. मग तिन्ही एकत्र करून चौथीवर उतरवायच्या आणि मोकळ्या झालेल्या तिन्हींवर पुढचे आवाज चढवायचे. एकदा एकत्र केलेले पुन्हा सुटे होत नाही, आणि प्रत्येक उतरवणीला फितीची खरखर थोडी वाढते. म्हणजे मागच्या निर्णयाला बांधून घेतच पुढचा घ्यायचा. या अल्बमला 'सरमिसळ' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शीर्षकातच 'गोइंग क्रेझी'वर कोटी आहे. आत रॉक आहे, गावची लय आहे, थट्टा आहे. विक्रेत्याला हे कोणत्या कप्प्यात ठेवावे कळणार नाही. पण कप्पे ठरवणारा विक्रेताच इथे मधे नव्हता. १९६१ नंतरच्या गोव्यात वाढलेल्या माणसाने एकसुरी अल्बम केला असता, तर तोच आम्हांला बनावट वाटला असता.

पुढची वाट सर्वांना ठाऊक आहे. श्याम बेनेगलांचा 'त्रिकाल' (१९८५), 'जलवा' (१९८७), मग 'बॉम्बे'मधले 'हम्मा हम्मा' (१९९५), २००७ मध्ये पद्मश्री. सिनेमातले रेमो आम्हांला आवडतात, पण तिथे ते पुन्हा तिघांतले एक होतात.

मुक्ताईनगरात बसून हे लिहिण्याला कारण आहे. आषाढीला इथून मुक्ताईची पालखी निघते. तिच्यासोबत चालणाऱ्यांच्या तोंडी अभंग आहेत. त्यांची चाल मूळची कोणाची, हे कोणी विचारत नाही, कारण शब्दांनी रचनाकर्त्याचे नाव जपले आणि चाल सर्वांची झाली. पण बहिणाबाईंचे काय? जळगावजवळच्या आसोद्याची ही बाई जात्यावर, शेतात ओव्या रचत होती आणि रचता रचताच गात होती. अक्षरओळख नव्हती. सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी टिपून ठेवले म्हणून शब्द उरले. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आले. त्यांचा गळा आणि त्यांची चाल मात्र पुस्तकात येणे शक्यच नव्हते. आपल्या पिढ्यांच्या कानात बसलेल्या चाली आहेत वसंत पवारांच्या, 'मानिनी' (१९६१) या चित्रपटातल्या. चाली सुरेखच आहेत. पण त्या बहिणाबाईंच्या नव्हेत.

अभ्यासक्रमात आपण बहिणाबाई शिकवतो ते उरलेला एक तृतीयांश, आणि उत्तरपत्रिकेत त्यालाच 'रचना' म्हणतो. प्रतिमा, बोली, तत्त्वचिंतन यांवर गुण असतात. श्वास कुठे घेतला असेल यावर नाहीत. शिवोलीच्या त्या कॅसेटीत श्वास आहे, फितीची खरखर आहे, वाद्यावर चुकलेली बोटे असतील तर तीही आहेत. तिथे शब्द वेगळे काढून कागदावर ठेवले तर बरेचसे लंगडे दिसतील, हे आम्ही मान्य करतो. निव्वळ कवी म्हणून बहिणाबाई रेमो यांच्या कितीतरी पुढे आहेत. पण याच तुलनेत अडचण आहे: एकाचे अख्खे गाणे आपण दुसरीच्या उरलेल्या शब्दांशी ताडून पाहत असतो.

पुढच्या सत्रात आम्ही बी.ए.च्या वर्गात 'मानिनी'तले गाणे आणि 'गोअन क्रेझी' एकापाठोपाठ ऐकवणार आहोत. मग बहिणाबाईंचे पुस्तक उघडून मुलांना एवढेच विचारायचे आहे की जात्याच्या एका फेऱ्यात यातले किती शब्द मावतात. घरी आजी असेल तर त्यांनी तिलाही विचारून यावे.